वल्हांडण : एका मुक्तिकथेचा मराठी संसार

मराठी वाङ्मयाच्या इतिहासग्रंथांत ‘बायबलची भाषांतरे’ या सदराखाली जी थोडीफार चर्चा आढळते, ती बहुधा मिशनऱ्यांच्या गद्यापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. त्या गद्यातील व्याकरणदोष, त्याचा परकीय वळणाचा वाक्यविन्यास, आणि मुद्रणकलेच्या प्रसारास त्याने केलेले साह्य, एवढे सांगितले की इतिहासकार पुढील प्रकरणाकडे वळतो. या घाईत एक मोठी कथा आपल्या दृष्टीआड राहिली आहे. इस्राएल लोकांनी मिसर देशातील दास्यातून बाहेर पडून चाळीस वर्षे अरण्यात काढली, ही इब्री धर्मग्रंथातील कथा मराठीत एकदा आलेली नाही. गेल्या चारशे वर्षांत ती वेगवेगळ्या मुखांनी आणि वेगवेगळ्या हेतूंनी पुनःपुन्हा सांगितली गेली आहे. या कथनांपैकी मराठी झाले कोणते आणि केवळ मराठी अक्षरांत छापले गेले कोणते, हा प्रश्न वाङ्मयसमीक्षेचा आहे, आणि प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम मूळ कथेचे स्वरूप ध्यानात घ्यावयास हवे. तिच्या ऐतिहासिकतेबद्दल विद्वानांत एकमत नाही. दास्य आणि निर्गमन यांचा ग्रंथाबाहेरील स्वतंत्र पुरावा उपलब्ध नाही. ‘इस्राएल’ या लोकसमूहाचा सर्वांत जुना उल्लेख मिसरचा राजा मेर्नेप्ताह याच्या इसवी सनापूर्वी तेराव्या शतकाच्या अखेरच्या शिलालेखात आढळतो, आणि तेथे हे लोक कनान देशात असल्याचे दिसते. परंतु कथा म्हणून तिची बांधणी असामान्य आहे. ज्याच्या आज्ञेने सारा जुलूम घडतो त्या राजाचे नाव कथाकाराने दिलेले नाही. ‘फारो’ ही केवळ पदवी होय. उलट, जन्मणाऱ्या इब्री मुलग्यांना मारून टाकण्याची त्याची आज्ञा मोडणाऱ्या दोन सुइणींची नावे मात्र आवर्जून नोंदविली आहेत. त्यांतील एकीचे नाव मराठी लिपीत शिप्रा असे उमटते. उज्जयिनीच्या वाचकास क्षणभर आपल्या नदीची आठवण व्हावी, असा हा योगायोग आहे. त्यात ध्वनिसाम्यापलीकडे काही शोधू नये. शोधावयाचे ते या नामकरणाचे मर्म. सत्ताधीश निनावी आणि सुईण नामांकित, ही निवड करणारा कथाकार इतिहास कोणाच्या बाजूने सांगावयाचा हे प्रारंभीच ठरवून बसला आहे.

टोपलीत घालून नदीत सोडलेला बालक मोशे पाहिला की भारतीय वाचकास कर्ण आठवल्यावाचून राहत नाही. महाभारतात कर्णाची पेटी अश्वनदीतून चर्मण्वतीत, तेथून यमुनेत आणि गंगेत वाहत गेली. त्याच चर्मण्वतीस पुढे आपली शिप्रा मिळते. पण साम्य टोपलीपाशीच संपते. कर्णास आपले कुळ कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो, आणि त्या ज्ञानाने तो अधिकच बांधला जातो. मोशे राजवाड्यात वाढतो, आपल्या भाऊबंदांपैकी एकास मारहाण होताना पाहतो, आणि त्या एका दर्शनाने वाड्याशी असलेले त्याचे नाते तुटते. एकाची शोकांतिका निष्ठेची आहे, दुसऱ्याची कथा निवडीची.

तथापि या कथेचे सर्वांत विलक्षण अंग तिच्या घटनांत नाही. समुद्र दुभंगण्यापूर्वीच, लोक अजून मिसरमध्ये असतानाच, ही गोष्ट पुढे कशी सांगावयाची याची आज्ञा कथेत येते : पुढे तुमची मुले या विधीचा अर्थ विचारतील, तेव्हा त्यांना उत्तर द्या. घटना घडण्याआधीच तिच्या कथनाची व्यवस्था लावणारी कथा विरळाच. यहुदी परंपरेत या आज्ञेतून ‘हगादा’ नावाचा ग्रंथ सिद्ध झाला. हगादा या शब्दाचा अर्थच ‘सांगणे’. सणाच्या रात्री घरातील सर्वांत लहान मुलाने प्रश्न विचारावयाचे आणि वडीलधाऱ्यांनी ‘आम्ही दास होतो’ अशा प्रथमपुरुषी भूमिकेतून उत्तर द्यावयाचे, ही तिची रचना आहे.

उज्जयिनीशी निगडित असलेल्या वेताळकथांची येथे तुलना उद्बोधक ठरेल. विक्रमाच्या खांद्यावरील वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न टाकतो. सांगणारा विचारतो, ऐकणाऱ्याने उत्तर द्यावयाचे. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर डोक्याची शकले होणार, आणि बोलला तर मौन मोडून वेताळ पुन्हा झाडावर. तेथे प्रश्न ही श्रोत्याच्या बुद्धीची कसोटी आहे. हगादेत दिशा उलटी होते. ऐकणारा विचारतो आणि सांगणाऱ्याने उत्तर द्यावयाचे असते. कसोटी लागते ती वडीलधाऱ्यांच्या स्मृतीची. कोण कोणास प्रश्न विचारतो आणि उत्तर देण्याचे बंधन कोणावर आहे, हा निकष हाती घेऊन मराठीतील या कथेच्या रूपांकडे पाहू.

पहिले ठळक रूप गोमंतकातील. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आला आणि त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. त्याच्या पहिल्या भागात जुन्या करारातील कथा ओवीबद्ध झाल्या आहेत, आणि त्यात मोशेची कथाही ओघानेच येते. मराठीवरील स्टीफन्सच्या प्रेमाबद्दल व ओवीवरील त्याच्या प्रभुत्वाबद्दल आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते सार्थ आहे. पुराणाची चौकट, श्रोत्यांच्या शंका, गुरूचे निरूपण हे सारे त्याने आपलेसे केले. परंतु ज्या साष्टीत या ओव्या वाचल्या जात होत्या, त्याच साष्टीतून सोळाव्या शतकात कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा घेऊन लोक झुआरी ओलांडून अंत्रुज महालात गेले होते. राज्यकर्त्यांच्या जाचातून आपला देव घेऊन पाणी ओलांडणारे लोक, ही तर निर्गमकथेचीच प्रतिमा होय. आणि ती कथा सांगण्याचा अधिकार मात्र अलीकडच्या तीरावर, सत्तेच्या छायेत राहिला. यात स्टीफन्सच्या काव्यगुणास उणेपणा येत नाही. पण दास्यमुक्तीची कथा राज्यकर्त्याच्या आश्रयाने सांगितली गेली की तिचा कणा वाकतो, हे समीक्षकाने नोंदविले पाहिजे. क्रिस्तपुराणात श्रोता विचारतो खरा. त्याला काय विचारण्याची मुभा होती, हा प्रश्न ग्रंथाबाहेरचा असला तरी टाळता येण्यासारखा नाही.

दुसरे रूप एकोणिसाव्या शतकातील गद्य भाषांतराचे. येथे दोन शब्दांकडे लक्ष वेधावेसे वाटते. मराठी बायबलात या ग्रंथाचे नाव ‘निर्गम’ आहे. शब्द संस्कृत, नेमका आणि थंड. पाटबंधाऱ्याच्या पाण्यासही तो लागू पडावा. पण त्याच ग्रंथातील सणास ‘वल्हांडण’ असे नाव दिले गेले, आणि या एका शब्दात भाषांतरकाराने जे साधले ते पानेच्या पाने लिहूनही साधले नसते. संहारकर्ता इब्री लोकांची रक्तखूण केलेली दारे ओलांडून पुढे गेला, अशी मूळ कल्पना. ती व्यक्त करण्यासाठी मराठीच्या घरातले क्रियापद, वलांडणे, उंबरठ्यावरून उचलून आणले गेले. उंबरठा, चौकट, दाराला लावलेली खूण, रात्रीची भीती हे सारे त्या शब्दाबरोबर आपोआप येते. ‘बेखमीर भाकर’ हा प्रयोगही तसाच. पीठ आंबण्याइतकाही अवधी न मिळालेल्या लोकांची घाई ‘भाकर’ या शब्दाने जशी कळते, तशी ती कोणत्याही संस्कृत पर्यायाने कळली नसती.

पंडिता रमाबाईंनी मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर केले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. संस्कृतावर असाधारण अधिकार असलेल्या या विदुषीने अल्पशिक्षित स्त्रियांना कळेल अशी साधी भाषा हेतुपूर्वक स्वीकारली. पांडित्याने स्वतःस दिलेली ही आज्ञा आहे, आणि विचारणाऱ्याच्या पायरीवर उतरून उत्तर देण्याच्या तत्त्वाशी तिचे जवळचे नाते आहे. भाषांतरित गद्याचे मूल्यमापन करताना आपण व्याकरण तपासतो. पण ते कोणासाठी लिहिले गेले, हे विचारीत नाही. रमाबाईंच्या बाबतीत हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

तिसरे रूप बेने इस्राएल समाजाचे. आणि माझ्या मते मराठीतील या कथेचे खरे घर तेच होय. आपले पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटून आले व सात जोडपी वाचली, अशी या समाजाची परंपरा सांगते. कोकणातील खेड्यांत तेलाचा घाणा चालविणाऱ्या आणि शनिवारी तो बंद ठेवणाऱ्या या लोकांस शेजारी ‘शनिवार तेली’ म्हणत. किहीमचे ते किहीमकर, पेणचे ते पेणकर. आडनावे, पेहराव आणि बोली अस्सल कोकणी वळणाची. त्यांच्याजवळ इब्री ग्रंथ उरले नव्हते. विधी मात्र उरले होते. वल्हांडणाच्या सणास ते ‘अनशी ढाकाचा सण’ म्हणत, असे हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी आपल्या समाजेतिहासात नोंदविले आहे. आंबट द्रवाचे भांडे झाकून ठेवण्याचा सण, असा त्याचा अर्थ.

या नावावर क्षणभर थांबले पाहिजे. मिसर नाही, फारो नाही, समुद्र नाही. उरले आहे स्वयंपाकघरातील एका भांड्यावरचे झाकण. आंबवलेले वर्ज्य करण्याची आज्ञा शिल्लक राहिली आणि तिचे कारण सांगणारी कथा काळाच्या ओघात विरली. विधी हे कथेचे रिकामे पात्र असते असे आपण म्हणतो, परंतु येथे त्या रिकाम्या पात्राने शतकानुशतके कथेची जागा राखून ठेवली. मुलाने ‘हे भांडे आज का झाकले?’ असे विचारले असेलच. प्रश्न जिवंत होता. उत्तर परत येण्याची वाट पाहत होता. मराठीच्या ऐतिहासिक शब्दसंपत्तीत ‘अनशी ढाकाचा सण’ या शब्दबंधास स्थान असावयास हवे.

उत्तर एकोणिसाव्या शतकात परत आले. कोचीनच्या यहुद्यांशी वाढलेला संबंध आणि मिशनऱ्यांच्या शाळा, या दोन्ही वाटांनी ते आले, डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून इब्री व्याकरण प्रसिद्ध केले, हेही या संदर्भात स्मरणीय आहे. १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह हगादा छापल्या गेल्या. पुण्याच्या प्रतीत युरोपीय हगादांतून घेतलेल्या चित्रांबरोबर सणाची भाकर तयार करणाऱ्या स्त्रियांचेही चित्र आहे, आणि त्या स्त्रिया साडी नेसलेल्या आहेत. हे चित्र केवळ सजावट नव्हे. प्रत्येक पिढीतील प्रत्येकाने आपण स्वतःच मिसरमधून बाहेर पडलो असे मानावे, असा या ग्रंथाचा आग्रह आहे. साडीतील त्या स्त्रियांनी तो आग्रह शब्दशः मान्य केला आहे.

भाषांतराचा हक्कही या परंपरेत मुळापासूनच आहे. हगादेच्या प्रारंभी भुकेल्यांना आत बोलावणारे आवाहन इब्रीत नसून अरामी भाषेत, म्हणजे त्या काळच्या बोलभाषेत आहे. ज्याला बोलवावयाचे त्याला कळले पाहिजे, एवढे साधे हे तत्त्व. मराठी हगादा ही म्हणून मूळ ग्रंथाची दुय्यम प्रत ठरत नाही. मुलाला कळेल अशा भाषेत सांगण्याच्या आज्ञेचे ते पालन आहे. आणखी एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे. हगादेत मोशेचे नाव जवळजवळ येतच नाही. वीराला बाजूस सारून समूहाला बोलते करणारी ही रचना आहे.

मराठी मनास मात्र वीराची आणि आख्यानाची ओढ. १८८० च्या सुमारास बेने इस्राएलांनी कीर्तन हा प्रकार स्वीकारला आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या चरित्रांवर आख्याने रचली. पूर्वरंगाचे निरूपण, उत्तररंगातील कथा, साकी, दिंडी, ओवी यांची गुंफण, झांजांचा ठेका, सारे आपल्या ओळखीचे. हगादेने जे घराच्या चौकटीत ठेवले ते कीर्तनाने मांडवात आणले, आणि हगादेने झाकलेला मोशे कीर्तनकाराच्या मुखाने पुन्हा उभा राहिला. यात काही गमावलेही गेले. कीर्तनात प्रश्न बुवाच विचारतो आणि उत्तरही बुवाच देतो. मुलाचा आवाज टाळ्यांत मिसळून जातो. परंतु नारदाच्या गादीवर मोशेची कथा सहज बसू शकते, हा शोध मराठी आख्यानपरंपरेच्या सामर्थ्याचा पुरावा आहे. या परंपरेच्या अभ्यासकांनी तो अजून पुरेसा नजरेखाली घातलेला नाही.

आता एका वर्षाकडे लक्ष वेधतो. पुण्याची हगादा १८७४ ची. त्याच पुण्यात आदल्याच वर्षी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली आणि ती अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांस अर्पण केलेली होती. या दोन ग्रंथांचा परस्परांशी संबंध होता, असे मी सुचवीत नाही. पण दोन्ही ग्रंथ दास्याविषयी आहेत, आणि दोन्ही प्रश्नोत्तररूप आहेत. धोंडीबा विचारतो, जोतीराव सांगतात. दास्याची हकीकत सांगावयाची तर ती कोणी तरी विचारल्यावाचून सांगता येत नाही, ही जाणीव दोन्हीकडे समान आहे. भेद आहे तो काळाचा. हगादेचा वडीलधारा ‘आम्ही दास होतो’ असे सांगतो. भूतकाळी क्रियापद हाच त्याचा आनंद. जोतीरावांना ते क्रियापद वर्तमानकाळी चालवावे लागते. एका ग्रंथात स्मरण कृतज्ञतेत विसावते, दुसऱ्यात ते आरोप होऊन उभे राहते. उज्जैनपासून फार दूर नसलेल्या महू येथे १८९१ मध्ये जन्मलेल्या डॉ. आंबेडकरांनीही पुढे मोशेच्या कथेचा विचार केला, तो याच वर्तमानकाळी क्रियापदाच्या बाजूने. ‘गुलामगिरी’ची चर्चा आपण शंभर अंगांनी करतो. तिच्याशेजारी तिच्या समकालीन मराठी हगादेस ठेवून वाचले, तर प्रश्नोत्तर हा मराठीतील मुक्तिवाङ्मयाचा आकृतिबंध कसा ठरतो, हे अधिक स्पष्ट होईल.

एक आक्षेप येथे संभवतो. कोकणात बेने इस्राएलांना धर्मासाठी छळ सोसावा लागला नाही. मग ‘आम्ही दास होतो’ हे त्यांच्या मुखी केवळ पाठांतर ठरत नाही काय? मला तसे वाटत नाही. दास्याची आठवण दास्य संपल्यावरच नैतिक बळ धारण करते. तुम्ही मिसरमध्ये उपरे होता, म्हणून उपऱ्यास छळू नका, असा त्या धर्मग्रंथाचाच निष्कर्ष आहे. आणि नियतीने या समाजास पुढे त्या वाक्याचा नवा अर्थ शिकविलाही. १९४८ नंतर त्यातील बहुसंख्य इस्राएलात गेले. वचनदत्त भूमीत पोहोचल्यावर १९६२ मध्ये धर्माधिकाऱ्यांनी त्यांच्या विवाहांच्या संदर्भात त्यांच्या यहुदीपणाचीच चौकशी आरंभिली. त्यांनी निदर्शने केली, आणि १९६४ मध्ये तेथील संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे घोषित केले. समुद्र ओलांडला की अरण्य सुरू होते, हे मूळ कथेतच आहे. मुक्त झालेले लोक अरण्यात मिसरचे मासे, काकड्या, कांदे आणि लसूण आठवून रडतात, हे सांगण्याचे धैर्य त्या कथाकाराजवळ आहे. या समाजाने कोकणातून बरोबर नेले ते मराठी. इस्राएलात ‘मायबोली’ या नावाचे मराठी नियतकालिकही त्यांनी चालविले. त्यांच्या आठवणीत कोकण हे मिसर नव्हते, हा या कथेचा सर्वांत मराठी अध्याय म्हणावा लागेल.

माळव्यातील मराठी वाचकास या साऱ्याचे प्रयोजन वेगळे सांगावयास नको. शिंदे, होळकर, पवार यांच्यामागोमाग अठराव्या शतकात नर्मदा ओलांडून आलेल्यांचे वंशज येथे आहेत. ते दास म्हणून आले नाहीत, सत्तेबरोबर आले. म्हणून निर्गमकथा आपल्या अंगावर चढविण्याचा मोह त्यांनी टाळलेलाच बरा. परंतु दुसरा प्रश्न त्यांचाही आहे. उज्जैनशी निकटचा संबंध असलेल्या एकाच मराठी घरातील गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे कवी झाले आणि त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे. दोन्ही भाषा धन्य झाल्या, यात खेद करण्यासारखे काही नाही. पण येथील घरांतील मूल आज जेव्हा एखाद्या कुळाचाराचा अर्थ विचारते, तेव्हा ते बहुधा हिंदीत विचारते. आणि पुष्कळदा उत्तरादाखल त्याला केवळ विधी दाखविला जातो, म्हणजे भांड्यावरचे झाकण.

हगादेचा धडा येथे कठोर आणि उदार असा दोन्ही आहे. उत्तर मुलाला कळेल त्या भाषेत द्यावे, ही तिची उदारता. उत्तर दिलेच पाहिजे, हा तिचा कठोरपणा. क्रिस्तपुराणाची ओवी सुंदर आहे, मिशनऱ्यांचे गद्य उपयुक्त आहे, रमाबाईंचे भाषांतर आदरणीय आहे. परंतु मराठीत ही कथा खऱ्या अर्थाने राहावयास आली ती विचारणाऱ्या मुलाच्या आणि साडीत भाकर करणाऱ्या स्त्रियांच्या घरात. १८४६ व १८७४ च्या हगादा आणि बेने इस्राएलांची कीर्तने यांचा समावेश मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ‘एका लहान समाजाचे धार्मिक साहित्य’ म्हणून परिशिष्टात न होता आख्यानाच्या आणि संवादरूप गद्याच्या मुख्य प्रकरणात झाला पाहिजे. महानुभावांचे ग्रंथ सांकेतिक लिपीतून उलगडले तेव्हा मराठी गद्याचा इतिहास आपल्याला नव्याने लिहावा लागला. येथे तर लिपी आपलीच आहे आणि भाषा आपलीच आहे. उंबरठा तेवढा ओलांडावयाचा आहे.